सुरुवातीपासून लावा

ज्या चित्रपटात दीड तास जिवाचा आटापिटा करूनही कुणालाच कुणाशी लफडं जमवता येत नाही, त्या चित्रपटावर अश्लीलतेचा ठपका बसू शकतो, हे पडदेवाल्याला सोसायटीच्या कमिटीच्या बैठकीत कळलं. तेव्हा त्याचं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही.

पडदेवाला हे त्याचं आडनाव नव्हे. सोसायटीच्या चित्रपट मंडळाचा तो एकुलता एक कार्यकर्ता. महिन्यातून एकदा हॉलमध्ये पडदा बांधायचा, प्रोजेक्टर लावायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि चित्रपट संपल्यावर ‘आवाज नीट येत नव्हता’ हे निमूटपणे ऐकून घ्यायचं, असा त्याचा कलाक्षेत्रातला सहभाग होता. पोटापाण्यासाठी तो जन्मनोंदणी कार्यालयात कारकून होता. म्हणजे शहरातल्या समस्त बेडरूमांत जे काही घडे, त्याचा अंतिम निकाल दिवसभर त्याच्या खिडकीशी येऊन रडत असे. त्यामुळे बेडरूम या विषयाबद्दल त्याच्या मनात कुतूहल असं काही उरलं नव्हतं. होती ती फक्त सहानुभूती.

यावेळी त्याने निवडला होता एक जुना, कृष्णधवल, परदेशी, विनोदी चित्रपट. एक मोठं हॉटेल. लांबलचक मजला, त्यावर दारंच दारं. एक श्रीमंत गृहस्थ एका गायिकेच्या खोलीत शिरायला बघतो. गायिका एका कॅप्टनची वाट बघत असते. कॅप्टन त्या श्रीमंत गृहस्थाच्याच बायकोला फुलं घेऊन निघालेला असतो. आणि प्रत्येक वेळी, ऐन मोक्याच्या क्षणी, कुणीतरी दार वाजवतं. कुणी कपाटात, कुणी पलंगाखाली, कुणी पडद्यामागे. शेवटपर्यंत कुणाचंही काहीही होत नाही. जाणकार लोक याला अभिजात म्हणतात.

पडदेवाल्याने या चित्रपटाची जाहिरात स्वतःच्या हाताने रंगवून सूचनाफलकावर लावली होती. चित्रात एक अर्धवट उघडं दार आणि बाहेर बुटांचा एक जोड. बस.

“दार अर्धवट उघडं का आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

अध्यक्ष शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी नुसतं ‘बसा’ म्हटलं तरी समोरच्याला उभं राहून कान धरावेसे वाटत.

“पूर्ण उघडं काढलं असतं तर उत्सुकता राहिली नसती,” पडदेवाला म्हणाला.

“म्हणजे आत काहीतरी आहे, हे तुम्हाला मान्य आहे.”

“आत काही नाहीये हो! म्हणजे सगळ्यांना काहीतरी करायचं असतं, पण होतच नाही. तोच तर विनोद आहे.”

“जे होतच नाही ते दाखवायचं कशाला?” खजिनदार म्हणाले. हे तळमजल्यावरचे दंतवैद्य. समोरचा उत्तर देऊ शकत नाही अशा वेळी प्रश्न विचारायची त्यांना धंद्यामुळेच सवय लागली होती.

“आणि समजा,” महिला प्रतिनिधी असलेल्या गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या, “बघता बघता एखाद्याला वाटलं, की व्हायला हवं होतं?”

या मुद्द्यावर जो तो छताकडे बघत होता.

“अहो, पण न बघता कसं ठरवता तुम्ही?” पडदेवाला कळवळून म्हणाला.

“असल्या गोष्टी बघून ठरवायच्या नसतात,” अध्यक्ष म्हणाले. “बघितल्यावर माणूस निःपक्षपाती राहत नाही.” आणि चित्रपट रद्द झाला. एकमताने. पडदेवाल्याचं मत विचारलंच गेलं नाही, त्यामुळे एकमताला बाधा आली नाही.

उठता उठता मात्र प्रत्येकाने त्याला अगदी सहज, चप्पल शोधता शोधता विचारलं, “मग त्या सिनेमाची डिस्क परत कधी द्यायची आहे?”

“सोमवारी,” तो प्रत्येकाला सांगत राहिला. त्यात काही संशय घ्यावा असं त्याला वाटलं नाही. रागावलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट जमते.

घरी येऊन त्याने बायकोसमोर सगळ्या कमिटीची यथेच्छ हजेरी घेतली. बायको शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. ती हवामान खात्यात होती. उद्या वादळ येणार हे आज थंड आवाजात सांगायचं, हे तिचं काम. रविवारी सकाळच्या गाडीने ती दूर डोंगरावरच्या एका वेधशाळेत वर्षभराच्या प्रशिक्षणाला निघाली होती. तिथे फोन लागतो की नाही हे वाऱ्यावर अवलंबून होतं, आणि वारा कुणावर अवलंबून आहे हेच तिला तिथे जाऊन शिकायचं होतं.

“तो सिनेमा तू मला दाखवणार होतास ना?” ती म्हणाली. “लग्न ठरलं तेव्हापासून सांगतोयस.”

खरं होतं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पण दोघांनी एकही चित्रपट सलग पाहिला नव्हता. पडदेवाल्याची आई बाहेरच्या खोलीत झोपे. म्हणजे झोपत नसे. बेडरूमच्या दारातून जरा प्रकाश दिसला की तिकडून विचारणा होई, “झोपलात का रे?” या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. ‘हो’ म्हणावं तर खोटं ठरतं, आणि ‘नाही’ म्हणावं तर आई गप्पा मारायला येते.

पण शनिवारी सोसायटीची सहल होती. बस भरून अख्खी इमारत धरणाजवळच्या बागेत जाणार होती. आईचं ‘जाऊ की नको, जाऊ की नको’ हे बस सुटेपर्यंत चाललं. शेवटी शेजारणींनी तिला हाताला धरून वर चढवलं. या दोघांना बॅग भरायची म्हणून सूट मिळाली.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. इमारत इतकी शांत झाली, की वरच्या मजल्यावरच्या नळाचं ठिबकणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

“दुपारभर कुणी नाही,” बायको म्हणाली.

“सिनेमा बघू.”

“सिनेमाच?”

“सिनेमापासून सुरुवात करू,” पडदेवाला म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

प्रोजेक्टरचा उजेड पाडायला घरातली एकच भिंत मोकळी होती, ती बेडरूमची. इथे त्यांच्या बेडरूमविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. ज्या वस्तू बाहेरच्या खोलीत ठेवल्या तर लोक काय म्हणतील, त्या सगळ्या वस्तू ठेवायची खोली म्हणजे बेडरूम. शिलाई मशीन, आईची लोखंडी पेटी, बंद पडलेला पंखा, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला भिंतीवरच्या घड्याळांचा गठ्ठा. नवरा-बायको हेही त्यातच मोडत. बसायला जागा एकच, पलंग. एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला हातभर रुंदीची गॅलरी.

खिडकीवर ब्लँकेट ठोकून अंधार केला. दोघं उशांना टेकून बसली. भिंतीवर हॉटेल उजळलं. जड सामान उचललेला एक हमाल जिना चढू लागला. बायकोने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

बेल वाजली.

“उघडू नकोस,” बायको म्हणाली.

“कुणी महत्त्वाचं असलं तर?”

पडदेवाल्याच्या स्वभावातला हा एक मोठाच दोष होता. बेल वाजली की दार उघडायचं, आणि दार उघडलं की ‘या’ म्हणायचं, असं त्याला लहानपणी शिकवलं होतं. कुणाला ‘या’ म्हणायचं नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

दारात दंतवैद्य. चपला हातात.

“तुम्ही सहलीला गेला नाहीत?”

“पेशंट आहे. अचानक सुजलाय,” दंतवैद्य कुजबुजले. “पेशंट यायला वेळ आहे. म्हटलं, ते… आक्षेपार्ह काय आहे ते एकदा नजरेखालून घालावं. उद्या कुणी म्हणायला नको, खजिनदाराने अंधारात सही केली.”

“डॉक्टर, आम्ही जरा…”

“अंधारच केलाय की! उत्तम.” आणि ते सरळ बेडरूममध्ये शिरले. “बसा, वहिनी, बसा, उठू नका,” असं म्हणत पलंगाच्या कडेवर टेकले. मग त्यांना भिंत नीट दिसेना म्हणून जरा आत सरकले. मग आणखी जरा. थोड्याच वेळात परिस्थिती अशी झाली, की पलंगाच्या या टोकाला नवरा, त्या टोकाला बायको, आणि मध्ये पाठीला दोन्ही उशा घेऊन खजिनदार.

“हा हमाल कोण?” त्यांनी विचारलं.

“हमाल आहे तो. पुढे काही संबंध नाही त्याचा.”

“तसं कसं? माझं काहीतरी सुटलंय. सुरुवातीपासून लावा.”

पडदेवाल्याने सुरुवातीपासून लावलं. का लावलं? ते तो अजूनही सांगू शकत नाही. हमाल पुन्हा जिना चढू लागला. अर्ध्या जिन्यावर पोचला असेल नसेल, तोच बेल वाजली.

दंतवैद्य ताडकन उभे राहिले. “मला इथे कुणी बघता कामा नये! कपाट कुठाय?”

आता परदेशी चित्रपटांतल्या कपाटांत माणूस मावतो, कारण तिकडचे लोक कपाटात कपडे ठेवतात आणि तेही थोडेच. दंतवैद्यांनी कपाटाचं दार उघडलं मात्र, आतून दोन उशा, एक सतरंजी, छत्र्यांचा जुडगा आणि आईने वीस वर्षं जपून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अंगावर आल्या. पलंगाखाली वाकून बघितलं, तर तिथे सुटकेसेसनी आधीच नंबर लावलेला. शेवटी ते बाथरूममध्ये घुसले.

दारात गाण्याच्या बाई. गळ्याभोवती मफलर.

“घसा धरलाय रे,” त्या म्हणाल्या. “बसमध्ये सगळे मला गायला लावतात, म्हणून नाही गेले. तुझी ती फिल्म, बाळ… मला काही बघायची नाही हं. फक्त त्यात पार्श्वसंगीत कसं आहे ते ऐकायचंय.”

पलंगावरची मधली जागा अजून कोमट होती. बाई तिथे बसल्या. हमाल तेवढ्यात जिना चढून दारापर्यंत पोचला होता.

“अगंबाई, हे पुढचं आहे. सुरुवातीचं संगीत राहिलं की! सुरुवातीपासून लाव.”

बायकोने अंधारात पडदेवाल्याकडे बघितलं. हवामान खात्यात याला हवेचा दाब कमी होणं म्हणतात.

“बाई,” पडदेवाला धीर करून म्हणाला, “ही उद्या सकाळी वर्षभरासाठी चाललीय.”

“हो ना, कळलं मला! म्हणून तर आले. म्हटलं, तेवढीच पोरीची भेट होईल,” बाई म्हणाल्या, आणि हमालाकडे बघत राहिल्या. “हा बघ, तालात चढतोय.”

बाथरूममध्ये बादली आपटली.

“आत कोण आहे?”

“नळ,” बायको म्हणाली. “आमचा नळ असाच आहे.”

बेल वाजली. मफलर सावरत बाई उठल्या. “मी इथे असल्याचं कळलं तर महिला मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!” त्या बाथरूमकडे वळल्या. पडदेवाला आडवा आला. त्याने पाहुण्यांच्या बाबतीत घेतलेली ही आयुष्यातली पहिली ठाम भूमिका. मग बाई गॅलरीत गेल्या. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि कुंड्यांमध्ये एकाच माणसाला, तेही तिरकं, उभं राहता येत होतं.

दारात स्वतः अध्यक्ष. काखेत फाइल, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर एखाद्या शाळेची मान्यता काढून घ्यायला आल्यासारखा भाव.

“पडदेवाले, मी आता सोसायटीच्या कामासाठी रजिस्ट्रारसाहेबांकडे आहे.”

“पण तुम्ही तर इथे आहात.”

“ते आपल्या दोघांत. आमच्या मंडळींना तसं सांगून बसमध्ये बसवलंय. दाखवा तो पुरावा.”

“कसला पुरावा? सिनेमा आहे तो! आणि तुम्हीच म्हणालात, की बघितल्यावर माणूस निःपक्षपाती…”

“निर्णय झाल्यानंतर निःपक्षपातीपणाची गरज उरत नाही,” अध्यक्ष म्हणाले आणि पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसले. पेन उघडलं. “हं. सुरुवातीपासून लावा.”

पडदेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तिथे तिला बाहेर पडायला वाट सापडली नाही, आणि ती मुकाट्याने परत खाली आली. त्याने सुरुवातीपासून लावलं. आता तो हमाल त्याला घरातलाच वाटायला लागला होता.

हमाल जिन्याच्या पहिल्या वळणावर होता, तेव्हा बेल वाजली. तिच्या पाठोपाठ बाहेरून आवाज आला, “आहे का कुणी घरात?”

अध्यक्षांचा चेहरा भिंतीवरच्या चित्रासारखाच कृष्णधवल झाला. “आमची मंडळी!”

“त्या तर बसमध्ये आहेत ना?”

“नाहीत! आवाज ऐकला नाही का?” फाइल पलंगाखाली गेली. अध्यक्ष बाथरूमकडे धावले, कडी आतून लावलेली. गॅलरीच्या दाराला पलीकडून कुणीतरी टेकलेलं. मग आयुष्यभर शिस्त शिकवलेला तो माणूस पडदेवाल्याच्या पलंगावर आडवा झाला आणि त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

अध्यक्षीणबाई आत आल्या त्या पदार्थ करपल्याचा वास आलेल्या बाईसारख्या. “मी पहिल्याच पेट्रोल पंपावर उतरले,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, मला गरगरतंय. गरगरत कसलं? चाळीस वर्षांत एकदाही या माणसाने मला सिनेमाला नेलं नाही. म्हणे वेळ फुकट जातो. माझा वेळ काय ह्यांच्या फायलीत लावून ठेवलाय? ते गेलेत रजिस्ट्रारकडे. लाव तो सिनेमा.” मग त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. “हे कोण?”

पडदेवाल्याची दातखीळ बसली. दंतवैद्य घरात असूनही त्यांचा काही उपयोग झाला नाही.

“माझे मामा,” बायको म्हणाली. हवामानाच्या बातमीतला तो थंड, स्वच्छ आवाज. “उद्या मला सोडायला यायचेत. प्रवासाने थकलेत.”

“भर दुपारी तोंडावरून चादर घेऊन?”

“डोंगराकडचे आहेत. त्यांना उजेड सहन होत नाही.”

“असू दे बाई, झोपू दे,” म्हणत अध्यक्षीणबाई अध्यक्षांच्या पायांशी ऐसपैस बसल्या. “सुरुवातीपासून आहे ना?”

हमाल निघाला.

आणि यावेळी, देवाला ठाऊक कसा, पण चित्रपट पुढे सरकला! श्रीमंत गृहस्थ आला. गायिका आली. पहिलं दार किलकिलं झालं. अध्यक्षीणबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. “मेला गेला बघ नेमका चुकीच्या खोलीत!” बायकोही हसली. पडदेवाला भिंतीला टेकून उभा होता, कारण बसायला जागा नव्हती. पण ती हसली हे बघून त्याला वाटलं, असं का होईना, चला. तेवढ्यात पलंगावरून एक लांब, संथ आवाज आला.

अध्यक्षांना अंधारात आडवं केलं, की काही झालं तरी झोप लागत असे. जगबुडी असती तरी ते आधी घोरले असते.

अध्यक्षीणबाईंचं हसू थांबलं. “जरा बंद कर रे ते.”

पडदेवाल्याने चित्रपट थांबवला. सगळ्या खोलीत तेवढा एकच आवाज उरला.

“वर जाताना शिट्टी,” अध्यक्षीणबाई एकेक शब्द मोजत म्हणाल्या, “आणि खाली येताना पातेलं घासल्यासारखं. तुझे मामा हुबेहूब आमच्यांसारखे घोरतात गं.”

आणि त्यांनी चादर ओढली.

पुढचा प्रकार शब्दांत सांगणं अवघड आहे, कारण सगळे एकदमच बोलले. “अहो, हेच का तुमचे रजिस्ट्रार?” ही आरोळी ऐकून, आता बाहेर पळायला हीच वेळ, असं वाटून दंतवैद्य बाथरूममधून बाहेर पडले. दरवाजा उघडल्याचा आवाज ऐकून, आपल्याला शोधताहेत अशा समजुतीने गाण्याच्या बाई हात वर करून गॅलरीतून आत आल्या. त्या टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या आणि केसांत कुंडीतलं पान अडकलं होतं. पडदेवाल्याला वाटलं, आता यांची मान खाली जाईल. आता हे ‘चुकलो’ म्हणतील.

अध्यक्षांनी चादर खांद्यावर घेतली, उठून बसले, आणि त्यांचा आवाज चढला.

“पडदेवाले! हा काय प्रकार आहे? तुमच्या बेडरूममध्ये एकाच वेळी इतकी माणसं?”

“माझ्या…?”

“मला तर बाथरूममध्ये कोंडून घातलं,” दंतवैद्य म्हणाले. “बादलीवर बसलोय तेव्हापासून.”

“आणि मला उन्हात उभं केलं! घसा धरलेल्या बाईला!”

“स्वतःच्या पायांनी गेलात सगळे!” पडदेवाला ओरडला. “कडी आतून लावली होती तुम्ही, डॉक्टर! आणि बाई, मी तर ‘बसा’ म्हणालो होतो!”

“आवाज खाली,” अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी बोटाने माणसं मोजली, आणि त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. “गणसंख्या पूर्ण आहे. आपण हे जागेवरचं निरीक्षण समजू. अधिकृत. सगळ्यांनी बसून घ्या.”

“म्हणजे मी पण बसायचं?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“निमंत्रित,” अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

कमिटी पलंगावर बसली. आईच्या लोखंडी पेटीवर दंतवैद्य. पडदेवाला शिलाई मशीनवर टेकायला गेला, तशी अध्यक्षांनी तर्जनी दाखवली.

“तुम्ही दोघांनी बाहेर थांबायचं. तुमचा यात हितसंबंध आहे.”

“ही माझी बेडरूम आहे!”

“तोच हितसंबंध.”

ज्या खोलीचा हप्ता पडदेवाला भरत होता, जिचं छत त्याने स्वतः रंगवलं होतं, ज्या खोलीत दोन वर्षांत एक दुपार, एकच दुपार, त्याला हवी होती, त्या खोलीतून त्याला बाहेर काढण्यात येत होतं. आणि बाहेर काढणारा त्याची चादर पांघरून बसला होता!

“सुरुवातीपासून लावून जा,” दंतवैद्य म्हणाले.

बायकोनेच लावलं. मग तिने नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

“हे काय केलंस?”

“मधेच कुणी उठलं तर गणसंख्या मोडेल,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात दोघं ओट्याखाली फरशीवर बसली. ऊन भांड्यांच्या मांडणीवर आलं होतं. बंद दाराआडून पहिल्यांदा एक हुंकार आला, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग चौघांचा मिळून असा हास्यस्फोट झाला की ओट्यावरचा चमचा खाली पडला.

“हसताहेत!” पडदेवाला दात-ओठ खात म्हणाला. “ऐकतेयस ना? बंदी घातलीय ह्यांनी! मला गुन्हेगार ठरवलंय! आणि बाई हसताहेत घसा धरलेला असून! मी उद्याच्या उद्या राजीनामा देतो. मी रजिस्ट्रारकडे जातो. खऱ्या रजिस्ट्रारकडे!”

“उद्या तू मला स्टेशनवर सोडायला येणार आहेस,” ती म्हणाली.

त्याने खाली पडलेला चमचा उचलून ओट्यावर ठेवला.

“मला सांग ना,” ती म्हणाली.

“काय?”

“सिनेमा. तुला सगळा पाठ आहे.”

“सांगण्यात काय मजा? तो बघायचा असतो.”

“मला हमाल पाठ झालाय. हमालाच्या पुढचं सांग.”

तो फुरंगटून बसला. मग, कॅप्टन कसा आत येतो हे तिला बसून कळणार नाही, म्हणून उभा राहिला. फ्रीजचं दार म्हणजे गायिकेची खोली. मांडणीखालचं कपाट म्हणजे श्रीमंत गृहस्थाची. पीठाच्या डब्यामागे कॅप्टन. तिला गायिका केलं, तर ती भलत्याच दारातून आली. “अगं, तिथून नाही, तिथे तर त्याची बायको आहे!” तो ओरडला. तिने लाटणं घेऊन कॅप्टनचं काम मागून घेतलं. कॅप्टनने श्रीमंत गृहस्थाला फ्रीजमागे दामटलं. श्रीमंत गृहस्थाने अंधारात गायिकेचा समजून एक हात धरला, तो बायकोचा निघाला, आणि तो त्याने सोडला नाही. फ्रीज उघडाच राहिल्याने थंड हवा पायांवर येत होती. ती इतकी हसली की तिला फरशीवर बसावं लागलं, आणि मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने ते त्याच्या बाहीला पुसले.

“वर्षभर असलं कोण सांगणार मला तिथे?” ती म्हणाली.

तो तिच्याजवळ बसला.

खाली भोंगा वाजला. बस आली होती. मुलांचा गलका, पिशव्यांचा खडखडाट, “चपला कुणाच्या राहिल्या?” असा कुणाचा तरी आवाज, आणि त्या सगळ्यात आईचं ठळकपणे ऐकू येणारं, “मी म्हणत होते ना, जाऊ नको म्हणून!”

बेडरूमच्या आत धावपळ झाली. दार ओढलं गेलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग आतून बोटाच्या पेराने, अतिशय नम्रपणे, टकटक झाली. जोरात वाजवणं शक्य नव्हतं. जिन्यावर माणसं होती.

“पडदेवाले,” फटीतून अध्यक्षांची कुजबुज आली, “अहो पडदेवाले! बस आली. दार उघडा.”

पडदेवाला सवयीने उठला. बायकोने त्याचा हात धरला नाही. नुसती बघत राहिली. त्याने दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि परत खाली बसला.

“अध्यक्ष,” तो म्हणाला, “जरा थांबावं लागेल. शेवट राहिलाय.”

“आमचा बघून झाला!”

“आमचा व्हायचाय.”

“अहो, लोक वर येताहेत हो! मी रजिस्ट्रारकडे आहे!”

“माझा पेशंट…” दंतवैद्य रडवेल्या सुरात म्हणाले.

“अरे बाळा…” गाण्याच्या बाईंचा आवाज आता खरोखरच बसला होता. अध्यक्षीणबाई मात्र आत अजून हसत होत्या.

टकटक चालू राहिली.

“मग?” बायकोने विचारलं. “पुढे काय होतं?”

खरं म्हणजे पुढे फारसं काही होत नव्हतं. श्रीमंत गृहस्थ दमून आपल्या खोलीत येतो, दिवा मालवतो आणि चित्रपट संपतो. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पावलं जिना चढत होती. सकाळची गाडी सकाळी सुटणारच होती. पडदेवाल्याने घसा खाकरला, आणि त्या हॉटेलवर आणखी एक मजला चढवला.